लागट

पाणी सांडलं असावं, असं वत्सलाला वाटलं. डाव्या तळव्याखाली काहीतरी कोमट, ओलं आलं होतं. तिने पोळी उलटी फिरवली, कड पातळ केली, लाटणं उचललं आणि पाय थोडा सरकवला, तर चपलेतून पचकन आवाज आला. दुखलं मात्र काहीच नव्हतं. नंतर किती जणांनी विचारलं, अगं एवढं रक्त जाईपर्यंत कळलं कसं नाही, तेव्हा तिला हेच सांगता यायचं नाही, की दुखलंच नव्हतं. उलट बरं वाटलं होतं. सकाळी साडेसहापासून ओट्याशी उभं राहून पोटरीत जो ताण भरून यायचा तो एकदम सैल पडल्यासारखं, कुणी आतून गाठ सोडल्यासारखं. तव्यावरची अनिता खाली बघून गप्प झाली तेव्हा वत्सलाने खाली पाहिलं. मोजा लाल झाला होता आणि घोट्याच्या आतल्या बाजूने, मोज्याच्या विणीतून, रक्ताची बारीक धार पिचकारीसारखी समोरच्या पिठाच्या डब्यावर उडत होती. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की डब्यातलं पीठ आता टाकून द्यावं लागणार. आणि लगेच दुसरं आलं, ते जास्त जुनं आणि गार होतं. आता मोजा काढावा लागणार.

शहापूरच्या एसटी स्टँडमागे दोघींचं पोळी-भाजी केंद्र होतं. अकरा वर्षं वत्सला लाटत होती आणि अनिता भाजत होती. त्यातली शेवटची तीन वर्षं वत्सलाने बाराही महिने पायात मोजे घातले होते. फरशीने टाचा फुटतात, एवढंच तिने अनिताला सांगितलं होतं. अनिताने तिला स्टुलावर बसवलं, पोळ्यांचं फडकं गुडघ्याखाली आवळून बांधलं आणि धार आणखी जोरात उडायला लागली. मग रिक्षा, मग सरकारी दवाखाना. तिथल्या पोक्त सिस्टरने तिला बघितल्याबरोबर आडवी केली, फडक्याची गाठ कात्रीने कापली, टाच धरून पाय स्वतःच्या छातीपर्यंत उंच केला आणि मोजा सोलून काढला. वत्सला तेव्हा म्हणाली, "हात नका लावू." सिस्टर म्हणाली, "का, गुदगुल्या होतात?" आणि कापसाची घडी ठेवून त्यावर अंगठा दाबून धरला. दहा मिनिटं ती तशीच उभी राहिली, पाय तिच्या हातात, रबरी हातमोज्यातला अंगठा घोट्यावर, आणि तेवढ्या वेळात तिने मागच्या खाटेवरच्या बाईला सलाइन संपत आल्याचं सांगितलं, दारातल्या माणसाला केसपेपरची खिडकी दाखवली. रक्त थांबलं. एवढंच करायचं होतं, सिस्टर म्हणाली. झोपायचं, पाय वर करायचा, दाबून धरायचं. वरून बांधलं की शीर जास्त फुगते.

वत्सला छताकडे बघत होती. तिला सिस्टरच्या अंगठ्याचं काही वाटत नव्हतं. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. हात नका लावू. ते तिचं वाक्य नव्हतंच. ते आईचं होतं, सूरही तिचाच होता, रागाचा नाही, लाजेचाही नाही, चुलीजवळ आलेल्या पोराला सरक म्हणावं तसा.

डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला तिचं माहेर. गोजराबाई, तिची आई, चिखलात दिवसच्या दिवस उभी राहून भात लावणारी, उंच, लांब पावलं टाकणारी बाई होती, असं वत्सलाला सांगितलेलं आठवत होतं. तिला स्वतःला आठवत होती ती मागच्या पडवीत बसलेली आई. डाव्या पायाची घोट्यावरची कातडी आधी काळी पडली, मग कडक झाली, खाजायला लागली, मग तिथे जखम झाली ती भरेचना. पावसाळ्यात वाढायची, उन्हाळ्यात थोडी आवळायची. कडुनिंबाचा पाला, हळद, कसली कसली मुळी उगाळून लावलेली. त्याचा वास पडवीला होता. कुणीतरी विहिरीवर तो शब्द उच्चारला आणि त्या दिवसापासून आईचा हंडा वेगळा झाला, धुणं ओढ्याच्या खालच्या अंगाला गेलं. महारोग. वत्सला तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आई स्वतःच म्हणायची, लांब बस, हात नको लावू. आणि वत्सला बसायची लांब. तेच तिला टोचायचं. आईने सांगितलं म्हणून नव्हे, तिला स्वतःलाच भीती वाटायची म्हणून बसायची. एकदा ओढ्याला पाणी आलं होतं. आई आधी पलीकडे गेली आणि मागे वळून, विसरून, तिने हात पुढे केला. वत्सलाने तो घेतला नाही. दगडावरून दगडावर एकटी उड्या मारत ती पार झाली. आईने हात पदरात घेतला आणि पुढे चालायला लागली. लग्नात मांडवात आई नव्हती. तिला ताप आहे, असं मुलाकडच्यांना सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याला, कुंडलिकलाही तेवढंच ठाऊक होतं, सासूबाई नाजूक आहेत, कुणात मिसळत नाहीत.

कुंडलिक आला तो हातात व्हॅनची किल्ली तशीच धरून. शाळेची मुलं सोडून तो थेट आला होता. पायावर चादर नव्हती. त्याने पाय पाहिला, मग तिचं तोंड पाहिलं, मग परत पाय. पोटरीवरून शिरा वेड्यावाकड्या खाली आल्या होत्या, माती धुपल्यावर बांधावर उघड्या पडतात त्या मुळांसारख्या, आणि घोट्याभोवतीची कातडी जांभळट काळी झाली होती. "हे कधीपासनं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, झाले काही दिवस. त्याने कोपऱ्यात पडलेली तिची रक्ताने भरलेली चप्पल उचलली आणि नळाखाली धुऊन आणली.

तीन वर्षं ती वेगळी झोपत होती. पाठ दुखते, गादी सोसत नाही, म्हणत तिने खाली अंथरूण घातलं. टॉवेल वेगळा केला. त्याच्या ताटात उरलेलं तिने खाल्लं, पण तिच्या ताटातलं त्याला दिलं नाही. लेक हेतल भिवंडीहून माहेरपणाला आली की नातीला ती मांडीवर कमीच घ्यायची, पाठ धरलीय म्हणायची. कुंडलिकने सुरुवातीला एकदोनदा विचारलं, काय चुकलं का माझं. ती म्हणाली, या वयात काय असतंय. मग त्याने विचारणं सोडलं, आणि त्याने सोडलं याचं तिला वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं. घोट्यावरची कातडी पहिल्यांदा काळी दिसली त्या दिवशी तिला नवल वाटलं नव्हतं. आपण कुणाची तरी वाट बघत होतो आणि तो आला, असं वाटलं होतं. आईचा रोग आपल्याला झाला. लांब बसूनसुद्धा झाला. आणि ती या हातांनी रोज गावाला पोळ्या लाटून घालत होती. बँकेतली माणसं, कॉलेजची पोरं, बाळंतिणीसाठी मऊ पोळ्या नेणारी म्हातारी. ती हात धुवायची. साबणाने, मग परत साबणाने, मग गरम पाण्याने, बोटांची पेरं फुटेपर्यंत. अनिता तिला चिडवायची, देवाला नैवेद्य करतेस का गो. काम सोडावं असं रोज सकाळी मनात यायचं आणि रोज सकाळी ती पीठ मळायला घ्यायची. सोडण्याचं कारण काय सांगणार होती?

शिरांच्या डॉक्टरीणबाई गुरुवारी मुरबाडला बसतात, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. कुंडलिकने त्या दिवशी शाळेच्या फेरीला दुसऱ्याची गाडी लावली आणि किन्हवली, सरळगाव करत तिला मुरबाडला नेलं. मागची सीट आडवी होती, तिच्यावर तिला पाय लांब करून बसवलं होतं. वाटेत तो आरशातून दोनतीनदा तिच्याकडे बघत होता. शेतं कापून मोकळी झाली होती, कुठे कुठे वालाचे हिरवे पट्टे. वत्सला मनात एकच वाक्य घोळवत होती, ते तिला डॉक्टरांना विचारायचं होतं आणि कुंडलिकसमोर विचारायचं नव्हतं.

डॉक्टर तिच्या हेतलच्या वयाच्या होत्या. त्यांनी तिला उभं केलं, स्वतः खाली बुटक्या स्टुलावर बसल्या आणि उघड्या हाताने, हातमोजा न घालता, तिची पोटरी वरपासून खालपर्यंत चाचपत गेल्या. वत्सलाचा सगळा जीव त्या बोटांत अडकला. मग थंड जेल लावून मशीन फिरवलं. पडद्यावर पायाच्या आतलं काळंपांढरं दिसत होतं आणि त्यात मधूनच निळं, मधूनच तांबडं चमकायचं. डॉक्टर म्हणाल्या, पायातलं रक्त वर चढायचं असतं. ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये बारीक दारं असतात. तुमची ही दारं सैल झाली आहेत. रक्त वर जातं आणि परत खाली येतं, घोट्याशी साचून राहतं. कातडी काळी पडते, खाजते, पातळ होते, कधी शीर फुटते, कधी जखम होते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. एखाद्या वेळी गुठळीही धरते, म्हणून पोटरी अचानक सुजली, कडक झाली, दुखायला लागली, तर थांबायचं नाही, यायचं. छातीत दुखलं, दम लागला, तर त्याच मिनिटाला जवळचा दवाखाना गाठायचा. पण हे बरं होण्यासारखं आहे. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं का असं? आईला?

"नाय," वत्सला म्हणाली.

कुंडलिक खुर्चीत बसला होता. भिंतीवरचं घड्याळ तिला फार मोठ्याने वाजल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी पेन टेकवलं आणि त्या लिहायला लागल्या, आणि वत्सलाला दिसलं की आता ते 'नाय' कागदावर कायमचं जाणार.

"मी पोळ्या लाटते," ती म्हणाली. "लोकांना घालते. माझ्या हातचं खाऊन कुणाला काय..."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत. "याचा हाताशी काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "हे लागट नाही. कुणाचं कुणाला लागत नाही."

"जखम झाली तरी?"

"जखम झाली तरी."

"एखाद्या बाईला अशी जखम असली, आणि तिच्या पोरीनं तिच्या पायाला हात लावला, तिच्याजवळ झोपली, तरी?"

"हात धुवावेत, कुठलीही जखम हाताळली की धुवावेत. बाकी काही नाही. काही झालं नसतं." डॉक्टर तिच्याकडे बघत राहिल्या. "तुमच्या आईला होती का?"

मग वत्सलाने सांगितलं. फार नाही सांगितलं. पडवी सांगितली, तो शब्द सांगितला, ओढा नाही सांगितला. बोलताना ती कुंडलिककडे बघत नव्हती. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बघितल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही, पण तुम्ही सांगता त्यावरून हेच वाटतं, हे आईकडून मुलीकडे येतं, शिरांची ठेवण येते. तुमच्या मुलीलाही सांगून ठेवा. आणि आईंना घेऊन या. मी बघेपर्यंत पट्टी आवळून बांधू नका, नुसती जखम धुवा, स्वच्छ जाळीची पट्टी ठेवा, पाय वर ठेवा.

परतताना सरळगावला कुंडलिकने गाडी थांबवली आणि चहा घेऊन आला. तिला मागेच बसू दिलं, स्वतः दारात उभा राहिला. तिने निम्मा चहा प्यायला आणि सवयीने ग्लास बाजूला ठेवला. त्याने स्वतःचा रिकामा ग्लास तिथे ठेवला, तिचा उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. मग तोंड पुसत म्हणाला, "तीन वर्षं मला वाटत होतं, माझ्या अंगाला वास येतो." वत्सलाला हसू आलं आणि ते हसू रडण्यात कधी गेलं ते तिला कळलं नाही. तो टपरीकडे पाठ करून तिच्या आडोशाला उभा राहिला.

कल्याणच्या एका दवाखान्यात लेसरने शीर बंद केली, सकाळी गेली आणि संध्याकाळी घरी आली. पुढे रोज पट्टी बांधायची, सकाळी उठून उभं राहायच्या आधी, पायात रक्त उतरायच्या आधी. ते काम कुंडलिकने घेतलं. ती पलंगावर पाय उंच करून पडलेली असायची आणि तो चष्मा लावून बोटांच्या मुळापासून सुरू करायचा, टाच झाकायची, घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. पहिले चार दिवस पट्टी घसरून दुपारपर्यंत घोट्यात गोळा व्हायची. पाचव्या दिवशी टिकली तेव्हा त्याने हेतलला फोनवर सांगितलं. केंद्रात आता एक उंच स्टूल आलं. अनिता म्हणाली, मला सांगितलं असतंस तर मी काय तुला ओट्यावरून उतरवलं असतं का गो. वत्सला स्टुलावर टेकली आणि लाटायला लागली. उतरवलं असतं कदाचित. त्या वेळी अनितालाही ठाऊक नव्हतं.

पाय हलका व्हायला लागला तसं मनात दुसरं जड व्हायला लागलं. आईला सांगायचं होतं आणि तिच्याने फोन उचलवत नव्हता. भाऊ महिपत आठवड्याला फोन करायचा, आई बरी हाय, खाते-पिते, म्हणायचा. वत्सलाला वाटायचं, सांगायचं म्हणजे नक्की काय सांगायचं? की तुला काही झालेलं नव्हतं? की चाळीस वर्षं तू पडवीत बसलीस ती उगाच? बाहत्तर वर्षांच्या बाईच्या हातात हे नेऊन ठेवायचं आणि म्हणायचं, घे, चांगली बातमी आहे? तिला कधी वाटायचं, न सांगणंच मायेचं. आणि मग सकाळी कुंडलिक पट्टीचा वेढा घोट्यावरून नेताना त्याची बोटं कातडीला लागायची, आणि तिला वाटायचं की हे, एवढंच, आईला चाळीस वर्षांत कुणी केलं नाही. तीनच वर्षं आपण वेगळं झोपलो तर अंग कसं लाकडासारखं झालं होतं. एक दिवस कुंडलिक पट्टीची क्लिप लावत म्हणाला, "रविवारी गाडी मोकळी हाय."

डोळखांबच्या पुढे रस्त्याकडेला मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. महिपत कामावर होता, आठवड्याची सुट्टी त्याला मंगळवारी असायची. वहिनी, रुपा, अंगणात नागलीचं पीठ चाळत होती. तिने दोघांना पाणी दिलं आणि कुंडलिकला ओटीवर बसवलं. वत्सला मागे गेली. आई पडवीत भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. केस पूर्ण पांढरे, चेहरा लहान झालेला. पायाभोवती जुन्या लुगड्याची चिंधी. वत्सला नेहमी जिथे बसायची त्या खांबाशी न थांबता पुढे गेली, तशी आईने चिंधीचा पाय आखडून घेतला आणि म्हणाली, "तितंच बस गो."

वत्सला तिथेच बसली. येताना रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरलं. ती म्हणाली, "आई, हे लागट नाय. डॉक्टरनं सांगितलं. शिरांचं हाय हे."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय."

अंगणातून चाळणीचा आवाज येत होता. वत्सलाला वाटलं, आईला नीट ऐकू आलं नाही.

"तू तिसरीत होतीस," आई म्हणाली. "त्या रोगाचा सर्वेवाला आलेला, सायकलवर. त्यानं पायावर पीस फिरवलं, टाचणी टोचली. म्हनला, बाय, हा तो रोग नाय, तुला टोचल्यालं समदं कळतंय. शिरांचं हाय, तालुक्याला जा. तुझ्या बानं चार जणांना सांगितलं. ते हसले. म्हनले, आपल्या बायकोचं कोण खरं सांगतोय."

"मग?"

"मंग काय. लोकांना ते पटायाचं नव्हतं. तुमी पोरं माझ्यापाशी बसला असता तर तुमालाबी त्यांनी तसंच बघितलं असतं. तुझं लगीन व्हायाचं होतं, महिपतचं व्हायाचं होतं. मी म्हटलं, माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

"आमाला तरी सांगायाचं."

"तुला सांगितलं असतं," आई म्हणाली, "तर तू लांब ऱ्हायली असतीस का?"

वत्सलाला राग आला. आपण घाबरलो, ते आईला दिसलं होतं आणि तिने ते तसंच राहू दिलं होतं. आपली भीती तिला हवी होती. त्या भीतीवर तिने दोन लग्नं उभी केली आणि आपण एवढी वर्षं त्याच भीतीची लाज बाळगत आलो. तिला ओरडून काहीतरी म्हणायचं होतं. ते न म्हणता तिने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, पट्टीची क्लिप काढली आणि वेढे सोडत गेली. पट्टी मांडीवर गोळा झाली. लेसरनंतर शिरा बसल्या होत्या, पण काळा डाग होता, आणि त्यात फुटलेल्या जागेची तांबडी खूण.

आईचा चेहरा बदलला. ती आधी पायाकडे बघत होती, मग जागेवरून सरकली, हातांवर जोर देऊन, चिंधीचा पाय ओढत, आणि वत्सलाच्या इतक्या जवळ आली की तिच्या तोंडाचा तंबाखूच्या मिश्रीचा वास आला. तिने हात पुढे केला. वाळलेला, हलका हात, तळवा खरबरीत. तो तिने वत्सलाच्या घोट्यावर ठेवला, डागावर, आणि काढला नाही.

"तुला कवा झालं?"

"तीन वर्षं झाली. मला वाटलं, तुझं तेच. मी कुणाला सांगितलं नाय. यांच्यापासनंबी वेगळी झोपले."

"वेगळी झोपलीस?"

"हां."

आईचे ओठ हलत होते. मग म्हणाली, "हे लागलं व्हय गो तुला माझं." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला तिने हात उचलला नाही, कारण हात घोट्यावर होता. वत्सलाचा राग कुठेच गेला नव्हता, पण तो आता बाजूला उभा होता, पाहुण्यासारखा.

तिने रुपाला हाक मारून उकळून गार केलेलं पाणी मागितलं, मीठ मागितलं. रुपा पातेलं घेऊन आली आणि उंबऱ्याशी थबकली. या घरात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती आणि ती या उंबऱ्यावरूनच भाकरी देत आली होती. वत्सलाने तिला काही समजावलं नाही. तिने हात धुतले आणि आईची चिंधी भिजवून सैल केली. जखम तळहाताएवढी होती, कडा पांढऱ्या, मधे लालसर. वत्सला हळूहळू पाणी सोडत गेली. पाय डगमगत होता, तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, टाच धर जरा." रुपा उभी होती. मग पातेलं खाली ठेवून ती आत आली, बसली, आणि दोन्ही हातांनी टाच धरली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, रुपा." रुपा म्हणाली, "धरलाय आता."

जखम भरायला पुढे सात महिने लागले. मधे एकदा पावसाळ्यात परत उघडली, तेव्हा आईने मुरबाडला यायचं नाही म्हणून हट्ट धरला आणि रुपानेच तिला तयार केलं. गावातल्या काही बायका अजूनही घरी आल्या की चहा नको म्हणायच्या. काही घ्यायला लागल्या. महिपतला हे सगळं ऐकून एक दिवस ताप भरला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण आईचं अंथरूण त्याने स्वतः उचलून पुढच्या खोलीत घातलं.

त्या रविवारी मात्र हे पुढचं काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर गुरुवारीच बसायच्या, म्हणून आईला आधी शहापूरला न्यायचं ठरलं. निघताना आई म्हणाली, मागच्या दारानं जाऊ, गाडी तिकडं आणायला सांग. वत्सलाने स्वतःची पट्टी बांधून घेतली, आईचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि घरातून, ओटीवरून, अंगणातून तिला चालवत नेलं. समोरच्या घरातली म्हातारी झाडू हातात धरून बघत राहिली. आई मान खाली घालून चालत होती. गाडीपाशी कुंडलिक दार उघडून उभा होता. तो वाकला, आईच्या पाया पडला, लग्नात राहून गेलं होतं म्हणाला, आणि तिला उचलून सीटवर ठेवलं.

वत्सला मागे तिच्यासोबत बसली आणि तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. कुंडलिक खड्डे चुकवत सावकाश चालवत होता. डोळखांब मागे गेलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती, कितव्या वर्षांनी हा रस्ता बघतेय ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने तिने पाय उचलायचा प्रयत्न केला.

"खाली ठेव गो. जड होत असंल तुला."

"होतोय," वत्सला म्हणाली. "होऊ दे."

तिने टाचेखाली हात नीट सरकवला. पाय जड होता, आणि गरम होता.